प्रार्थनाघरातली तिवई

मी एक जुनी तिवई आहे, मित्रांनो. ओकच्या फळीची, तीन पायांची. आज मी एका गोठ्यात राहते आणि माझ्या अंगाला दुधाचा वास येतो. पण माझी उमेदीची वर्षे प्रार्थनाघरात गेली, आणि तिथे माझ्यावर हौसेने कधीच कोणी बसले नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर एल्डरनेस नावाचे आमचे गाव. ओबडाया सुताराने मला घडवले, तेव्हा गावकुसापलीकडे अजून लांडगे ओरडत. पाद्री थिओफिलस माप सांगायला स्वतः आले होते.

"उंच कर. शेवटच्या बाकावरच्यालासुद्धा पाप्याचं तोंड दिसलं पाहिजे."

"पाठीला टेकू लावू का, पाद्रीबाबा?"

"पाप्याला टेकू कशाला?"

ते गेल्यावर ओबडायाने माझ्या कडा रंध्याने गोल केल्या. "मांडीला रुतायला नको," तो पुटपुटला. "कोण जाणे, उद्या मीच बसायचो."

मला वाटले, सर्वांच्या पुढे ठेवणार म्हणजे मी मोठीच मानाची वस्तू असणार. पहिल्याच शब्बाथाला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या दिवशी, माझा भ्रम फिटला. त्या दिवशी माझ्यावर झरुबाबेल कोळ्याला बसवले. अंगठ्यात गळ रुतला म्हणून भर शब्बाथाला त्याच्या तोंडून शिवी गेली होती. वादळात होडी हाकणारा तो धिप्पाड माणूस, पण सारे गाव डोळे रोखून बघू लागले तेव्हा तो लहान पोरासारखा आक्रसून बसला. त्याचा सगळा भार माझ्या पायांत उतरला. वरून पाद्रीबाबांचे प्रवचन चालले होते. मधेच कोणी पेंगले की काठीवाला एनॉस त्याच्या डोक्यात लांब काठीचे टोक हाणी. माझ्यावर बसलेल्याला मात्र काठीची गरज कधीच पडत नसे.

असे कितीतरी आले आणि गेले. पाद्रीबाबा माझी स्तुती करत. "या तिवईने गाव सरळ ठेवलं आहे," असे ते म्हणाले की मंडळीचे कारभारी एलिफालेट मान डोलावत. स्तुती ऐकून सुख वाटावे ना? मला ते कधी वाटले नाही.

मग एका वर्षी, बर्फ वितळू लागला त्या सुमारास, होपस्टिलला माझ्यावर बसवले. ती कारभाऱ्यांच्या घरची मोलकरीण होती. कामाला वाघीण आणि बोलायला गोड. शब्बाथाच्या दुपारी, जेव्हा कोणी विनाकारण उंबरा ओलांडू नये, तेव्हा ती खाजणातून, गावाबाहेरच्या खाऱ्या दलदलीतून, परत येताना एनॉसला दिसली. घाघरा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

"कुठे गेली होतीस?" पाद्रीबाबांनी भर सभेत विचारले.

होपस्टिल गप्प.

"कोणाला भेटायला?"

तरी गप्प. मग काय, लोकांनी आपापली उत्तरे तयार केली. "खाजणात काय बेडूक भेटायला जातात होय?" मागच्या बाकावरून कोणी कुजबुजले, आणि बायांनी तोंडावर हात घेतला. तिची आई रूथ गावाचे कपडे धुऊन पोट भरत असे. तिने लेकीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. होपस्टिलने सगळे सोसले होते, पण त्या पाठीकडे पाहून ती उठायला गेली आणि पुन्हा माझ्यावर बसली. तो हिसका मला कळला.

पुढच्या शब्बाथाला पुन्हा तेच झाले, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा प्रार्थना संपल्यावर सारे निघून गेले, पण कारभारीणबाई मेहिटेबल मागे रेंगाळल्या. पहिल्या बाकावर बसणारी, गावाने जिचे नाव आदराने घ्यावे अशी ती बाई. त्या होपस्टिलजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "होपी, मी बोलून टाकू का गं? माझ्याच्याने बघवत नाही."

"नको, मालकीणबाई. तिचं पाऊल अजून टेकत नाही. आत्ता कळलं तर तिला गाडीमागे बांधून फटके मारत नेतील."

"भाकर पुरतेय का?"

"पुरतेय. आणि गंमत म्हणजे परवा दाराशी सुका मासा ठेवलेला होता. कोणी ठेवला देव जाणे."

त्या दोघींच्या कुजबुजीतून मला सगळा उलगडा झाला. डॉर्कस नावाची एक क्वेकर बाई पाय मोडून खाजणातल्या गवताच्या खोपीत पडली होती. पाद्रीवाचून प्रार्थना करणाऱ्या त्या पंथाच्या माणसांना आमच्याकडे पाऊल ठेवायला बंदी होती, आणि त्यांना आसरा देणाऱ्यालाही शिक्षा होती. मेहिटेबलबाई तिच्यासाठी मक्याची भाकर आणि कढण पाठवत होत्या आणि होपस्टिल ते पोचवत होती. मित्रांनो, ज्या मुलीला सारे गाव पापी म्हणत होते, तिचा भार माझ्यावर होता आणि मला ओरडून सांगता येत नव्हते.

एप्रिलमध्ये डॉर्कस कुबडी टेकत निघाली आणि जिथे तिच्या पंथाला बंदी नव्हती त्या ऱ्होड आयलंडला जाणाऱ्या एका होडीत बसून सुखरूप गेली. पण त्याच आठवड्यात पाद्रीबाबांनी जाहीर केले, "येत्या शब्बाथालाही ही मुलगी बोलली नाही, तर तिला मंडळीतून आणि गावातून बाहेर काढण्यात येईल." आता मालकिणीचे नाव येऊ नये म्हणून होपस्टिल तोंड उघडायला तयार नव्हती.

तो शब्बाथ उजाडला. प्रार्थनाघर गच्च भरले.

"शेवटचं विचारतो, होपस्टिल. कोणाकडे जात होतीस?"

पहिल्या बाकावर कपड्यांची सळसळ झाली. मेहिटेबलबाई उठल्या होत्या.

"खाली बस," एलिफालेट दबक्या आवाजात म्हणाले.

"बसते की. तिकडे जाऊन बसते." त्या सरळ माझ्यापाशी आल्या. "ऊठ गं पोरी. ही जागा माझी आहे." आणि काहीही न लपवता त्यांनी खोप, डॉर्कस, भाकर, कढण, सगळे सांगितले. "हिला मी पाठवत होते. आणि हिला इथं बसवलेलं मी तोंड मिटून बघत होते. माझं पाप काय असेल तर ते हे." एवढे बोलून त्या माझ्यावर बसल्या. माझ्यावर बसून कोणी सुटकेचा निःश्वास टाकलेला मी पहिल्यांदाच अनुभवला.

 मग मागून झरुबाबेल खाकरला.

"भाकर तुमची असेल, बाई. पण मासा माझा होता. होडीतून खोपीचा धूर दिसला, म्हणून गेलो."

"कुबडी माझी," ओबडाया उठून म्हणाला. "खोटं कशाला बोला."

"मेणबत्त्या मी ठेवल्या," असे ज्याने म्हटले त्याच्याकडे सगळ्यांनी माना वळवल्या. तो काठीवाला एनॉस होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. "मी तिथूनच परतत होतो, म्हणून तर ही मला दिसली ना! मला काय ठाऊक हीसुद्धा तिकडूनच येतेय! आणि मग बोलायचं धाडस झालं नाही. होपस्टिल, माफ कर गं."

पाद्रीबाबा काही बोलणार, एवढ्यात पाद्रीणबाई उभ्या राहिल्या. "अहो, तुमचं जुनं लोकरी पांघरूण उंदरांनी कुरतडलं म्हणून मी टाकून दिलं म्हटलं ना? उंदीर नव्हते हो."

एका बाकावर कोणीतरी फिसकन हसले. पाद्रीबाबांनी व्यासपीठाची कड घट्ट धरली. प्रत्येक घर आपले पाप एकट्याचे समजून गप्प बसले होते, आणि त्या सगळ्या गप्प बसण्याचे ओझे एका मुलीने वाहिले होते.

"एवढ्यांना मी बसवू तरी कुठे?" ते शेवटी म्हणाले. 

"नव्या तिवया कराव्या लागतील," ओबडाया म्हणाला. "रानातला ओक पुरायचा नाही, पाद्रीबाबा."

आता सगळे प्रार्थनाघर हसले. त्या भिंतींनी तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. पाद्रीबाबा व्यासपीठावरून खाली आले आणि होपस्टिलपुढे उभे राहिले. "मुली, आम्ही सगळे मिळून बाकांवर बसलो आणि तुला एकटीला पुढे बसवलं. आता हे बंद." त्या गोष्टीचा बोस्टनच्या सरकारला पत्ता लागू द्यायचा नाही, हे कोणी न बोलताच ठरले.

रूथ गर्दीतून धडपडत आली. लेकीला धरून म्हणाली, "मला तरी सांगायचंस गं, मेले!"

"तुला सांगितलं असतं, तर तूसुद्धा तिच्यासाठी कपडे घेऊन पळाली असतीस खाजणात."

रडता रडता रूथला हसू फुटले. दोघी हात धरून घरी गेल्या, आणि मी ऐकले की होपस्टिल त्या दिवशी पोटभर जेवली आणि निवांत झोपली.

दुसऱ्या दिवशी एलिफालेट मला काखेत मारून घेऊन गेले.  धार काढायला बसता यावे म्हणून त्यांनी माझे उंच पाय आखूड केले आणि गोठ्यात ठेवताना बायकोला एवढेच म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

त्यांनी गाईची पाठ थोपटली. "नसतं ऐकलं," ते म्हणाले. "इथून पुढे ऐकेन."

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझा एक पाय खिळखिळा झाला आहे आणि एखाद्या हिवाळ्यात मी चुलीत जाईन. पण सगळ्यांच्या नजरा झेलत कोणी एकटे बसलेले दिसले, तर बाकावरून उठा आणि त्याच्याजवळ जा. काय बोलायचे ते तिथे गेल्यावर सुचेल.

परवा ऱ्होड आयलंडहून आलेल्या एका नावाड्याने निरोप आणला. होपस्टिल माझ्यावर बसून धार काढत होती.

"डॉर्कसबाईनं सांगितलंय, ती आता कुबडीवाचून चालते. परवा तर नाचलीसुद्धा!"

"अगं बाई! नाचली?" होपस्टिल एवढी हसली की गाय दचकली आणि चरवी लवंडली. सगळे दूध माझ्या पायांवर सांडले, आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावला नाही.