उरलेला डोळा

मी एक जुना ससा हाय. किती जुना? बारा वर्षांचा. ससे एवढे जगत नाहीत म्हणता? अरे, मी गवतावर नाय, रागावर जगलोय. आणि मित्रांनो, माझे कान एवढे लांब, की गडब गावच्या परसात बसून मला रोह्याच्या स्टेशनावर कोण शिंकलं तेही कळतं. खोटं वाटत असेल तर येऊन कान मोजा. डोळे मोजू नका. एकच हाय.

माझा जन्म रोह्याकडच्या एका कंपनीत झाला, पिंजऱ्यात. कानात नंबर टोचला, सत्तेचाळीस. तिथं डोळ्यांना लावायची रंगरंगोटी बनायची. ती डोळ्यात गेली तर आग होते का, हे बघायला आम्ही. पेटीत अंग कोंबायचे, फक्त मुंडी बाहेर. पंजानं डोळा चोळायचीही सोय नाय. उजव्या डोळ्यात थेंब. डावा कोरा, ताडून बघायला. माणसासारखं भळाभळा पाणी आमच्या डोळ्यांतून येत नाय, थेंब बसला की बसला. आणि ससा ओरडत नाय, म्हणून वहीत लिहायचे, ‘शांत’. शांत! माझ्या त्या डोळ्यात तेव्हा अख्खी कुंडलिका नदी उकळत होती.

पिंजऱ्यातून पेटीपाशी मला न्यायची हमिदा. गडबची बाई, सफाईच्या शिफ्टला. हात मऊ, पण न्यायची पेटीपाशीच. मग दोन हजार चौदा साली कायदा आला, नटण्यामुरडण्याच्या वस्तूंसाठी जनावरांवर प्रयोग बंद. कंपनीला आम्ही नकोसे झालो. हमिदानं मला भाजीच्या पिशवीत घालून घरी आणलं. म्हणून तिला निम्मं माफ केलं. निम्मं नाय.

परवा तिचा मुलगा अस्लम कुवेतहून कायमचा परत आला आणि काजळ विकायला निघाला. आईचं तुपाचं साधं काजळ त्याला पुरेना. त्यात चमकी घातली, अत्तर घातलं, डबीवर मोर छापला. मोबाईलवर पहिल्याच गिऱ्हाईक बाईनं विचारलं, “टेस्ट केलंय का?”

अस्लमनं माझ्याकडं बघितलं.

“अम्मी, हा कंपनीचाच ना? एक डोळा तर गेलेलाच हाय. दुसऱ्यात इवलंसं लावून बघू.”

“अब्बा, गुन्हा हाय तो!” त्याची लेक सफा ओरडली. कॉलेजात सायन्सला हाय ती.

“घरच्या सशाला कसला गो गुन्हा?” म्हणत त्यानं मला कान धरून उचललं.

हमिदा भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानं उठली. “दे ती डबी. मी लावते. मला सवय हाय.”

तोच हात, मित्रांनो! मी उरलेला डोळा घट्ट मिटला. बोट पुढं आलं, माझ्या नाकावरून गेलं आणि थेट अस्लमच्या डोळ्यात!

“या अल्ला! अम्मी, आग! आग!”

“आग होते ना? मग शांत बस. मी वहीत लिहिते.”

मी दाणकन खाली पडलो. अस्लम विहिरीकडं पळाला. इतकं पाणी मारलं डोळ्यावर, की विहिरीतली बेडकं घर शोधत माझ्याकडं आली. त्याला पाणी मिळालं. मला नव्हतं मिळालं.

“आता माणसाच्या पेशींपासून काचेच्या ताटलीत डोळ्यासारखा पापुद्रा वाढवतात,” सफा टॉवेल देत म्हणाली. “त्याच्यावर तपासतात. लॅबला फोन करायचा होता, अब्बा.”

“मग आधी बोलली का नाय?”

“विचारलंत कुठं? थेट कान धरलेत.”

अस्लमनं सगळ्या डब्या बंद करून ठेवल्या, लॅबचा नंबर लिहून घेतला आणि टोमॅटोसारखा डोळा घेऊन माझ्यापुढं कोथिंबीर टाकली. मी तोंड लावलं नाय. बरं, थोडी खाल्ली. हमिदाचं उरलेलं निम्मं? त्यातलंही थोडं सोडून दिलं. सगळं नाय सोडणार. माझ्याआधी तिनं पेटीपाशी नेलेले सेहेचाळीस घरी आले नाहीत.

तुमच्या आरशापुढं डब्या असतील, मित्रांनो. उचला, वाचा. जनावरांवर तपासलेलं नाय, असं लिहिलंय का बघा. नसेल लिहिलं, तर दुकानात जाऊन विचारा, हे कुणाच्या डोळ्यात घालून बघितलं? आणि हळू नका विचारू. आम्हाला ओरडता येत नाय. तुम्हाला येतं.