अंगठ्याला दिसलेली मांजर

मी एक जुनी मूठ आहे. तलवारीची नव्हे, दाराची. पराक्रम ऐकायला बसलेल्यांनी हवं तर आत्ताच उठावं. माझ्या हातून आजवर एकही लढाई झालेली नाही. मी पितळेची, लिंबाहून मोठी नि मोसंब्याहून लहान, आणि एका पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या दारावर असते. माझ्या फुगीर अंगावर एक मांजर आहे. ती चिकटवलेली नाही, ओतलेली नाही. ती माझ्यातूनच वर आली. कशी आली ते आठवलं की आजही माझं पितळ शहारतं.

पण मित्रांनो, मांजरीच्या आधी आत्या. आत्याने जन्मभर शिवणकाम शिकवलं आणि अडुसष्टाव्या वर्षी तिची दृष्टी गेली. घरात तिचा भाचा आणि भाच्याची बायको. या सूनबाई एका यंत्रशाळेत कॉम्प्युटरवर काम करत. धातूत काय कोरायचं ते पडद्यावर काढायचं, कटरने कुठून कुठे जायचं ती वाट आखायची आणि मशीनच्या हवाली करायची. घरी त्यांचं कोणी इतकं ऐकत नसे.

आत्या रोज सकाळी काठी घेऊन एकटी बागेत जायची. तिथल्या बाकावर तिची मैत्रीण यायची आणि दोघी मनसोक्त भांडायच्या. जाणं सोपं होतं; येणं अवघड. पाचही मजले एकाच साच्यातून काढलेले, दार तेच, मूठ तीच. आत्या मजले मोजत चढायची, पण जिन्यात कोणी "काय, बरं आहे ना?" विचारलं की आकडा सांडायचा. एकदा ती तिसऱ्या मजल्यावर शिरली, खुर्चीत बसली आणि पाणी मागितलं. तिथले गृहस्थ निवृत्त कारकून. हुकूम आला की पाळायचा, ही सवय. त्यांनी पाणी आणलं आणि "पेला विसळला नाहीस वाटतं," हेही ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात ती पाचव्या मजल्यावर शिरली. तिथले गृहस्थ टॉवेलवर होते. बाईंना दिसत नाही हा मुद्दा गौण आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

भाच्याने खूण म्हणून दाराला दोरी बांधली. कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की आठवडाभरात उरलेल्या चारही मजल्यांनी दोरी बांधली.

शेवटी भाचा म्हणाला, "आत्या, उद्यापासून एकटीने बाहेर पडायचं नाही. मी नेत जाईन रविवारी."

"रविवारी ती नसते बाकावर."

"मग मी बोलेन की तुझ्याशी."

"तुला भांडता कुठे येतं रे!" असं म्हणून आत्या गप्प झाली. ती चार दिवस गप्प राहिली. त्या घरात घड्याळ बंद पडलं तरी कोणाच्या लक्षात येत नसे, पण या शांततेने सगळ्यांची झोप उडाली.

पाचव्या दिवशी सूनबाई म्हणाल्या, "आत्या, आपल्या दाराला मी खूण उठवलेली नवी मूठ करून आणू? हाताला लागेल अशी?"

"ठिपक्यांची अक्षरं नकोत. या वयात पहिलीत नाही बसायची मी. मांजर काढ. माझी होती ना, तशी."

भाचा म्हणाला, "ठीक आहे. पण एकदा जरी चुकलीस, तर विषय संपला."

यंत्रशाळेतल्या टर्नरकाकांनी पितळी दांड्याचा तुकडा लेथवर धरला आणि त्यातून मला गोल काढलं. मागून पोटात स्क्रूसाठी भोक पाडलं. मी जन्मले ती अशी गुळगुळीत, निरागस आणि कोणाच्याही लक्षात न राहणारी.

मग मी स्वतःला पडद्यावर पाहिलं. मित्रांनो, आपला देह आपल्या आधी दुसरीकडे तयार असतो, हे पाहून कोणाचीही वाचा बसेल. सूनबाईंनी एक सपाट मांजर काढली आणि माझ्या घुमटावर वरून दाबली. कडेच्या उतारावर तिचे पाय ताणून लांब झाले. सूनबाई हसल्या, त्यांनी ती काढून घेतली आणि चेंडूला ओला कागद बसवावा तशी पुन्हा बसवली. मिशा, डोळे, मऊ पोट, सगळं होतं. मग कटरची वाट उमटली. निळ्या रेघा, एकीला लागून एक, माझ्या अंगावरून केसांसारख्या दाट. मशीनने वाचायचा बारा हजार ओळींचा मजकूर. एवढं माझ्याबद्दल त्याआधी कोणी लिहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तेव्हाच मला एक गोष्ट कळली. उठाव कधी उठवता येत नाही. धातूत भर घालता येत नाही. जे वर दिसायला हवं ते जागच्या जागी सोडायचं आणि भोवतालचं सगळं खाली न्यायचं. माणसांतही काही जण असेच उंच होतात म्हणतात. पण तिथे कटर कोण चालवतो ते मला ठाऊक नाही.

कटर तापू नये म्हणून दुधाळ पाण्याची धार सुरू झाली. जाड कटरने मला ओबडधोबड केलं, मग गोल नाकाचा बारीक कटर आला आणि हलक्या हाताने माझ्यावरून फिरू लागला. एका फेरीत केसाएवढं अंग जायचं. तीन तास चाळीस मिनिटांनी पाणी थांबलं आणि माझ्यावर मांजर बसलेली होती. मालक, टर्नरकाका, हिशेबनीस, सगळे गोळा झाले. "मिशी बघा, मिशी!" मालक म्हणाले. मी कृतार्थ झाले.

त्या संध्याकाळी आत्याने मला हातात घेतलं. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"बटाटा," ती म्हणाली.

तिचा अंगठा कानांवर गेला.

"कोंब फुटलेला. दोन कोंब आहेत."

"अगं आत्या, डोळे बघ ना किती छान..." भाचा म्हणाला आणि जीभ चावून थांबला.

पितळ उघडं पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. एवढ्या सगळ्या डोळ्यांनी मला पास केलं होतं, आणि ज्या एका अंगठ्यासाठी माझा जन्म होता त्याने नापास. आत्याने मला टेबलावर ठेवलं आणि काठी घडी करून कपाटात ठेवली. भाच्याने ते पाहिलं. विषय संपवणारा तोच होता, पण संपलेला विषय त्यालाही बघवेना.

"मग मांजर कशी असते, आत्या?" सूनबाईंनी विचारलं.

"कणीक आण. आणि एक वाटी."

आत्याने वाटी पालथी घातली आणि तिच्या पाठीवर कणकेची मांजर बसवायला घेतली. दोन्ही हातांनी, न थांबता. "मांजर कानाच्या टोकाला सुरू होते. मग मान, मग पाठ, आणि शेपटीला संपते. डोळ्यांना कधी हात लावलायस का तू? आणि पोट काय म्हणून काढलंस? पोटाला हात लावला की ओरबाडते ती."

सूनबाईंनी वाटी डब्यात घालून यंत्रशाळेत नेली. पडद्यासमोर बसून, डोळे मिटून, त्या वाळलेल्या कणकेवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"झोप लागली का, बाई?" मालकांनी विचारलं.

"नाही साहेब. बघतेय."

नवी मूठ करायला तेवढ्या जाडीचं पितळ शिल्लक नव्हतं. टर्नरकाकांनी माझं पोट मोजलं. "तीन मिलिमीटर खाली जा. चौथ्याला स्क्रूचं भोक उघडं पडेल. मग ही भंगारात."

म्हणजे माझा संपूर्ण चेहरा जायचा होता. बटाटा, मिशा, कौतुक, सगळंच. राहिलेल्या तीन मिलिमीटरांत दुसरी मांजर असेल यावर विश्वास ठेवायचा. पडद्यावर ती कुरूप दिसत होती. उंच कान, मानेला खळगा, कमानीसारखी पाठ आणि माझ्या कडेने अर्धा फेरा घेणारी शेपटी. डोळे नाहीत.

"ही मांजर?" मालक म्हणाले. "ही तर नुसती सुरळी आहे."

"डोळे मिटा साहेब, मग सांगा."

साहेबांनी मिटले नाहीत. मालक लोक कामाच्या वेळात सहसा मिटत नाहीत.

आणखी एक अडचण होती. गोल नाकाचा कटर अगदी टोकावर टेकला तर कापत नाही, नुसता घासतो. फिरणाऱ्या वस्तूचं ऐन टोक जागचं हलतच नसतं. माझ्या घुमटाच्या शिखरावर नेमकं तेच व्हायचं. म्हणून सूनबाईंनी मला थोडं कलतं बांधलं. शिखरावर बसलेल्याकडून काम करून घ्यायचं असेल तर त्याला जरा तिरकं धरावं लागतं, असं टर्नरकाका म्हणाले, आणि मालक दुसरीकडे पाहू लागले.

पुन्हा दुधाळ पाणी. जुना चेहरा वाहून जाताना मी पाहिला. सोनेरी चुरा, मुठीत मावेल एवढाच. आणि खालून, जिथे नुसतं पितळ होतं, कोणी कधी न पाहिलेलं, तिथून एक पाठ वर येत होती.

मला दारावर बसवलं. सकाळी आत्या काठी घेऊन बाहेर पडली. दोन तासांनी जिन्यात काठीचा आवाज आला. कोणीतरी "काय, बरं आहे ना?" विचारलं. आकडा सांडला. पहिल्या मजल्याची मूठ तिने चाचपली, गुळगुळीत. दुसऱ्याची, तिसऱ्याची. मग ती माझ्यापाशी आली. आत भाचा "उघडतो मी!" म्हणत दाराकडे झेपावला; सूनबाईंनी त्याचा शर्ट मागून धरला.

अंगठा कानाच्या टोकाला टेकला. मानेच्या खळग्यात उतरला. पाठीवर चढला. शेपटीबरोबर वळून माझ्या कडेपर्यंत गेला. मित्रांनो, मला आजवर पुष्कळांनी पाहिलं आहे. दिसले मात्र मी तेव्हा, पहिल्यांदाच.

"आले गं बाई, आले," आत्या मांजरीला म्हणाली. "फुगू नकोस."

आणि तिने मला फिरवलं.

याला नऊ वर्षं झाली. आत्या आता सत्त्याहत्तरची आहे. तिच्या अंगठ्याने माझा कान झिजला, आणि भाच्याने त्याहून जास्त झिजवला. तो दर रविवारी मला प्रेमाने पॉलिश करतो. सूनबाई म्हणाल्या, "नवीन करून आणते, कॉम्प्युटरवर सगळं तसंच आहे." भाचा म्हणाला, "छे! ही आठवण आहे. ही कशी काढायची?"

परवा मंगळवारी आत्याचा अंगठा माझ्यावर खूप वेळ फिरला. कान सापडेना. तिची कातडीही आता जाड झाली आहे. ती वर गेली, पाचव्या मजल्यापर्यंत. तिथलं गुळगुळीत पितळ हाताला लागलं तेव्हा परत आली. घरात तिने हे सांगितलं नाही. "एकदा जरी चुकलीस" ही अट अजून कोणी मागे घेतलेली नाही. ती चुकली हे फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

म्हातारी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा. मी म्हणते, मला काढा. आठवण ठेवायला कपाटं पुष्कळ आहेत; दारावर उपयोगाची मूठ हवी. फक्त जुनीच मांजर पुन्हा कापू नका. आधी वाटी पालथी घाला, कणीक मळा आणि आत्याच्या आत्ताच्या अंगठ्याला विचारा. कान जरा उंच ठेवा. अर्धा मिलिमीटर पुरे. तेवढ्यावर एक माणूस एकट्याने घरी येतं.