सतरा इंच रुंदी

टेबलावर पंधरा शिवलेले अभ्रे होते, तेरा कापून ठेवलेले होते आणि बारा अभ्र्यांचे कापड अजून घडीतच होते. शिवाय एक कात्री, तेलाची बुधली, चार बॉबिनी आणि खडूचे दोन तुकडे. सासऱ्यांनी हे सगळे एका पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले, खाली रेघ ओढली आणि सुनेकडे पाहिले. ती खाटेवर बसली होती. तिचा उजवा पाय बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"माणसं किती, तेही लिहा," ती म्हणाली. "शिवता येणारं एक, मोडलेलं. न येणारं एक, धडधाकट."

"लिहिलंय," सासरे म्हणाले.

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरली त्याला दोन दिवस झाले होते. हाड जुळायला सहा आठवडे लागणार होते आणि वसतिगृहाचे चाळीस अभ्रे सोमवारी अकरा वाजता पोचवायचे होते. आज बुधवार होता. गल्लीतल्या लोकांच्या चेन बदलणे, बाह्या आखूड करणे, पँटी उंच करणे यात तिची सात वर्षे गेली होती. वसतिगृहाचे पत्र हे तिला आलेले पहिले बाहेरचे काम. त्यावर तिचे नाव होते. नवऱ्याचे नाही, सासऱ्यांचे नाही. अभ्रे पसंत पडले तर पुढे पडदे होते, चादरी होत्या. नाही तर चौकातले मोठे दुकान होतेच. पत्र मशीनच्या वर भिंतीला चिकटवलेले होते आणि ती दिवसातून निदान चारदा त्याच्याकडे बघत असे. नवरा कामासाठी परगावी होता, तो महिनाअखेरीस येणार होता. प्लास्टरचा पाय मशीनखाली जात नव्हता, हे तिने तीनदा करून पाहिले होते.

"मी शिकतो," सासरे म्हणाले.

सून हसली नाही. हसू आवरताना तिला उशी दोनदा सरळ करावी लागली.

सासरे वजनमापे खात्यात चौतीस वर्षे निरीक्षक होते. एके काळी ते बाजारात शिरले की तागड्या आपोआप सरळ होत. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत त्यांचे घरातले दूध, गॅस, खिडक्यांच्या फटी आणि पाहुण्यांचे थांबणे असे सगळे मोजून झाले होते. फक्त या मशीनजवळ ते कधी गेले नव्हते.

"आधी दोरा नाही," सून म्हणाली. "वहीचा रेघांचा कागद घ्या. सुई रेघेवरून गेली पाहिजे. भोकं दिसतील, तीच तुमची टीप. आणि चाक तुमच्याकडे फिरलं पाहिजे."

सासऱ्यांनी बाह्या वर केल्या, चष्मा पुसला, पायडलवर पाय ठेवले. चाक पलीकडे फिरले. त्यांनी हाताने ते थांबवले, आपल्याकडे वळवले, पायडल दाबले. चाक अर्धा फेरा आपल्याकडे आले आणि मग विचार बदलल्यासारखे पुन्हा पलीकडे गेले.

"बाबा, मशीन चालवताय की झोपाळा?"

"दोन्ही पायांचा दाब समान आहे माझा."

"समान नकोच. टाच, मग चवडा. टाच, मग चवडा."

पहिल्या तासात चाक एकोणीस वेळा उलटे गेले. दुसऱ्या तासात सात वेळा. सासऱ्यांनी दोन्ही आकडे कागदावर टिपले आणि त्यांच्यामध्ये एक समाधानी बाण काढला. भोके पडलेले कागद सुनेच्या हातात आले तेव्हा तिने ते खिडकीच्या उजेडासमोर धरले.

"रेघेपासून जास्तीत जास्त चार मिलिमीटर," सासरे आधीच म्हणाले.

"हे मुंग्यांनी केलंय असं वाटतं. तेही वाट चुकलेल्या. परत."

गुरुवारी दोरा आला. सासऱ्यांनी सुई ओवली, सहा मिनिटे, आणि एका चिंधीवर टीप मारली. वरून ती चक्क बरी दिसत होती. चिंधी उलटवली तर खाली दोऱ्याचा एवढा गुंता होता की त्यात चिमणीने संसार मांडावा.

"मशीन सदोष आहे," सासरे म्हणाले.

"दट्ट्या खाली केला होता का? कापड दाबून धरतो तो?"

सासऱ्यांनी वाकून पाहिले. दट्ट्या वर होता. त्यांनी तो खाली केला आणि गुंता कात्रीने सोडवायला घेतला. त्याला पंचवीस मिनिटे लागली. ती मात्र त्यांनी कागदावर टिपली नाहीत.

दुपारी त्यांनी सुनेचा टेप उचलला, आपली खात्यातली पोलादी पट्टी त्याच्या शेजारी ठेवली आणि बराच वेळ खाली वाकून राहिले.

"सूनबाई, हा टेप ताणलेला आहे. साठ इंचांत पाव इंच."

"असेल. जुना आहे."

"असेल काय? सात वर्षं तू लोकांची चुकीची मापं घेत्येस."

"त्याच टेपने अंगाचं माप घेते, त्याच टेपने कापड कापते. चूक दोन्हीकडे सारखी. मग कपडा बसतो."

सासऱ्यांनी टेप पुन्हा एकदा पट्टीला लावून पाहिला. चौतीस वर्षांत असा युक्तिवाद एकाही दुकानदाराने केला नव्हता, आणि केला असता तर कोणत्या कलमाखाली बसवायचा हे त्यांना आठवेना. त्यांनी टेपची गुंडाळी केली आणि तो सुनेच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवला.

शुक्रवारपर्यंत त्यांचे चाक सरळ फिरू लागले. सुनेने कापून ठेवलेल्या तेरा अभ्र्यांपैकी पहिला शिवायला बावन्न मिनिटे लागली. ती खाटेवरून सूचना देत होती. कापडाच्या कडेपासून अर्ध्या इंचावर तिने खडूने रेघ मारून दिली होती आणि सासरे त्या रेघेवरून शिवत जात होते, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. दोन अभ्रे तिने उसवायला लावले. तिसऱ्यांदा मात्र तिने टिपेवरून नुसता अंगठा फिरवला आणि अभ्रा ढिगावर टाकला. सासरे त्या ढिगाकडे जाता-येता बघत राहिले. शेवटचा अभ्रा चौदा मिनिटांत झाला.

शनिवारी दुपारी गोळी घेऊन सून झोपली. उरले होते बारा अभ्र्यांचे कापड. तिला उठवून त्रास कशाला, असे सासऱ्यांना वाटले. पत्रावर माप स्पष्ट लिहिलेले होते: रुंदी सतरा इंच. लांबी आणि आतली दुमड यांच्या खुणा तिने आधीच करून ठेवल्या होत्या. त्यांनी पोलादी पट्टी लावली, खडूला टोक केले आणि कापले. सून उठली तेव्हा बारा तुकडे एकावर एक रचलेले होते, कडा अशा जुळलेल्या की बाजूने पुस्तक वाटावे. शेजारी एकेक इंचाच्या बारा पट्ट्या नीट गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

"या पट्ट्या कसल्या?"

"वाचवलेलं कापड. तुझे तेरा एकेक इंच जास्त होते. तुझी सवय असेल म्हणून मी काही बोललो नाही. शिलाईत ते वायाच जात होतं."

सुनेने वरचा तुकडा उचलला आणि वीत लावून पाहिली.

"म्हणजे हे सतरा."

"बरोब्बर सतरा. अर्धा मिलिमीटरही इकडेतिकडे नाही."

"आणि बाबा, यांची शिलाई कशात जायची?"

सासऱ्यांनी तुकड्याकडे पाहिले, मग पट्ट्यांकडे. ते खुर्चीवर बसले.

बाहेर कोणाच्या तरी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.

"पट्टी परत जोडली तर?" ते हळूच म्हणाले आणि लगेच कागद ओढून घेतला. "पट्टी एक इंच. जोडायला अर्धा इंच पट्टीचा जाणार, अर्धा तुकड्याचा. म्हणजे उरतो..." त्यांनी पेन्सिल ठेवली.

"शून्य," सून म्हणाली.

"कापड आणखी?"

"वसतिगृहाने मोजून दिलंय. तेच कापड आता बाजारात शोधू कुठे?"

ती पत्राकडे बघत नव्हती. गेल्या पाच दिवसांत असे पहिल्यांदाच झाले होते, आणि हे सासऱ्यांनी मोजले होते.

"मी त्यांना सांगतो," ते म्हणाले. "बारा अभ्र्यांत एक इंच तूट आहे. जबाबदारी माझी."

"तुम्ही काही सांगणार नाही. शिवा ते. सोळा तर सोळा, उशीवर चढवून तर बघू."

"कमी माप माहीत असून देणं म्हणजे..."

"बाबा. शिवा."

रविवारी बारा अभ्रे शिवून झाले. टिपा सरळ होत्या. इतक्या सरळ की सुनेने एक अभ्रा दोनदा उलटून पाहिला.

सोमवारी दोघे टॅक्सीने निघाले. सून मागे पाय आडवा करून, मांडीवर कुबडी. सासरे पुढे, मांडीवर गठ्ठा. वाटेत त्यांचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय?"

"काही नाही."

"'जबाबदारी माझी' ऐकू आलं मला."

वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत चाळीस खाटा दोन ओळींत होत्या आणि प्रत्येकीवर एक उघडी उशी. वसतिगृह सांभाळणाऱ्या मॅडम उंच, घाईतल्या, हातात रजिस्टर धरलेल्या. त्यांनी गठ्ठ्यातला वरचा अभ्रा घेतला आणि पहिल्या उशीवर चढवला. तो सुनेने स्वतः शिवलेल्या पंधरांपैकी होता. उशी आत गेली आणि मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखी एका कोपऱ्यात बसून राहिली.

"हे ढगळ आहे," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी दुसरा चढवला, तिसरा, पाचवा. सगळे तसेच.

"तुम्ही सतरा सांगितलं होतं," सून म्हणाली.

"सांगितलं असेल. पण बसायला नको? पोरी झोपेत अभ्रा गळ्यात घेऊन उठतील."

सासऱ्यांनी खिशातून पोलादी पट्टी काढली आणि उशा मोजायला घेतल्या. पावणेसोळा. साडेपंधरा. सोळाला थोडे कमी. अकरा उशा मोजून ते परत आले.

"मॅडम, रजिस्टरमधलं माप कधीचं आहे?"

"उशा घेतल्या तेव्हाचं. का?"

"एकही उशी आता सतरा इंच नाही. कापूस दबलाय."

"अहो, मग ते तुम्ही बघायला हवं होतं ना," असे म्हणत मॅडमनी गठ्ठ्याच्या तळातला एक अभ्रा ओढला.

सून खाली बघू लागली. अभ्रा उशीवर चढला, चारी कोपरे भरले, मॅडमनी वरून थाप मारली आणि तो जागचा हलला नाही. त्यांनी तसाच दुसरा काढला, मग तिसरा. अशा बारा उशा झाल्या. मॅडम दोन पावले मागे सरल्या.

"याला म्हणतात अभ्रा. हे बारा वेगळे आहेत. हे कोणाच्या मापाचे?"

"या बारा अभ्र्यांत..." सासऱ्यांनी सुरुवात केली.

सुनेने कुबडी जरा बाजूला सरकवली. कुबडीचे टोक सासऱ्यांच्या डाव्या चपलेवर आले आणि तिथेच राहिले.

"बाबांच्या," ती म्हणाली. "चौतीस वर्षं मापातच गेलीत त्यांची."

"तरीच," मॅडम म्हणाल्या आणि थेट त्यांच्याकडे वळल्या. "पण उशी न बघता तुम्हाला कसं जमलं हो?"

कुबडीवरचा भार वाढला. सासऱ्यांनी एकदा पट्टीकडे पाहिले, एकदा सुनेच्या प्लास्टरकडे.

"शिलाईला जागा सोडली नाही," ते म्हणाले.

मॅडमनी मान डोलवली. "आमचा आधीचा शिंपी फार सोडायचा. ऐका, हे अठ्ठावीसही असेच आत घेऊन द्या. गुरुवारपर्यंत चालेल. आणि जाण्याआधी खिडक्या बघून घ्या. बावीस आहेत. या वेळी माप तुम्हीच घ्या, रजिस्टरचं नको."

घरी आल्यावर सुनेने खाटेवर बसून पहिल्या अभ्र्याच्या दोन्ही कडांना खडूने रेघ मारली, अर्धा अर्धा इंच आत. तो तिने सासऱ्यांकडे फेकला आणि टेबलाकडे हात केला.

"बसा. अठ्ठावीस आहेत."

"बसतो. एक मिनिट."

सासऱ्यांनी खुर्ची ओढली, डावी चप्पल काढली आणि पाऊल उजेडात धरले. मग खिशातली पट्टी काढली.

अंगठ्यावरचा निळा डाग लांबीला चौदा मिलिमीटर होता, रुंदीला अकरा.