पिवळ्या हौदावरच्या बाईचं यकृत

मी एक यकृत. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण जेवणानंतर निवांत ढेकर देता ना, तो माझ्या जिवावर! उजव्या बरगड्यांखाली बसून आयुष्यभर राबलो, कधी कुरकुर केली नाही.

माझी मालकीण कापड रंगवण्याच्या कारखान्यात पिवळ्या हौदावर काम करते. तिथल्या वाफा, घाईघाईत गिळलेलं जेवण, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं मीच निस्तरलं.

मग कारखान्यात सगळ्यांना लस टोचली. बाकीच्यांचे दंड दुखले, बस्स. लस आली होती शरीरातल्या पहारेकऱ्यांना शत्रू ओळखायला शिकवायला. आमचे पहारेकरी मात्र काही आठवड्यांनी माझ्यावरच चालून आले. जन्मभर ज्यांच्याशेजारी नांदलो, त्यांनीच मला चोर ठरवलं! परक्यानं मारलं असतं तर एवढं लागलं नसतं.

मालकीण पिवळी पडली, तर नवरा म्हणतो, "अगं, हौदाचाच रंग असणार. नीट घास." तोही रंगारीच. ती बिचारी साबण लावून घासत राहिली. अंगाला खाज सुटली, तेव्हाही दोष रंगालाच. शेवटी आरशात डोळेच पिवळे दिसले. डोळ्यांत कसला आलाय रंग? कावीळ होती ती.

नणंद कुजबुजली, "यकृत काय उगाच बिघडतं? वहिनी लपून पिते की काय!" मालकीण ते ऐकून रडली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "मेल्या, कधी दारूला शिवले नाही मी. तरी तू दगा दिलास!"

मी? मार खाल्ला मी, आणि दगाबाजही मीच?

दवाखान्यात सुईनं माझा तुकडा काढून तपासला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचंच शरीर यकृतावर उलटलंय. लशीनंतर झालं खरं, पण लशीमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. असं फार क्वचित घडतं. या गोळ्या देते, त्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका."

गोळ्यांनी पहारेकरी थंडावले, डोळे निवळले. पण त्याच गोळ्यांनी मालकिणीचा चेहरा सुजला. हौदावरच्या बायका "भोपळा" म्हणून चिडवू लागल्या, आणि तिनं गुपचूप गोळ्या थांबवल्या. पहारेकरी पुन्हा तुटून पडले. माझा एक कोपरा कायमचा राठ झाला. पहारेकऱ्यांचं सोड, पण बाई, तूसुद्धा?

आज ती गोळी तळहातावर घेऊन आरशासमोर उभी आहे. अगं, चेहऱ्याची सूज उतरेल, मी गेलो तर परत यायचा नाही. दगा कुणी कुणाला दिला, त्यावर मागाहून भांडू. आधी गोळी गिळ.