कोरा रकाना

परदेशातल्या अभियंता मंडळाने सुनेचा परवान्याचा अर्ज परत पाठवला. सगळं भरलं होतं, फक्त 'कामात केलेली चूक' हा रकाना कोरा होता. चूक कबूल करणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, हेच ती चौदा वर्षं पूल बांधताना शिकली होती. पण परवाना नसेल तर तिथे तिच्या नकाशाला कोण विचारणार?

"लहानसं काहीतरी लिही," तिचा नवरा म्हणाला. "उशीर झाला, कागद हरवला, असलं."

सासूबाई उसळल्या. "शाळेत उशिरा गेल्याची चिठ्ठी आहे का रे ही? सूनबाई, तो खांब लिही."

"आई, माझ्याच गणितात सळया कमी पडल्या होत्या. वाचून कायमचं दार लावतील."

"लावू देत! ओतलेला खांब तूच फोडायला लावलास. ठेकेदार अंगावर आला तरी हटली नाहीस. डबा घेऊन आले होते मी, या डोळ्यांनी पाहिलंय. चुलीपाशी बसणाऱ्याचेच हात भाजतात. त्यांना न भाजलेले हात हवे असतील, तर त्यांचे पूल त्यांनाच लखलाभ."

सुनेने पेन उचललं आणि लिहिलं, चूक माझी होती.

नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"बस तसाच," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, ठेकेदाराने काय शिव्या दिल्या, तेही टाक."