बत्तीस रीझेक आणि एक नकाशा

मित्रांनो, माझ्या कव्हराच्या आतल्या खिशात एक पत्र पंचवीस वर्षे पडून होते. क्रोएशियातल्या राब बेटावरच्या नेवेन्काबाईंनी ते ओताकार आजोबांना लिहिले होते. त्यात एकच प्रश्न होता: माझ्या हातचे खायची तुम्हाला किळस का वाटली? आजोबांनी त्याचे उत्तर दिले नाही.

मी एक जुना, घडीचा नकाशा आहे. गोष्ट सांगण्याची मला सवय नाही. मला फक्त रस्ते सांगता येतात, आणि त्यांतलेही निम्मे आता बदलले आहेत. तरी प्रयत्न करतो.

ब्रनोच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. वर आमचा चेक देश, मधे ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया, खाली क्रोएशिया आणि कडेला निळा समुद्र. ताज्या शाईचा तो वास मला अजून आठवतो. पुढे ज्या वासात राहावे लागले, त्यामुळे जरा जास्तच आठवतो.

त्रेबिच गावच्या वाचनालयात काम करणाऱ्या ओताकारांनी मला विकत घेतले. तेव्हा ते आजोबा नव्हते. मला उघडण्याआधी ते हात धूत. जानेवारीतल्या रविवारी, बाहेर बर्फ असताना, ते मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरत आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा रस्त्यांवर वळणावळणाने ठेवून अंतर मोजत. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

"ओता, समुद्राला जातोयस की चंद्रावर?" त्यांची बायको ब्लाजेना विचारी.

"ग्राझच्या अलीकडे थांबायला सावली असेल का, ते बघतोय."

"सावली कधी नकाशात दिसते का? दे तो दोरा, मला बटण लावायचंय."

तीन सीमा ओलांडायच्या, कुठे पेट्रोल भरायचे, छोट्या रादकाला कुठे उलटी होईल, हे सगळे त्यांनी पेन्सिलीने माझ्यावर लिहिले. मला गुदगुल्या होत. राहण्यासाठी नेवेन्काबाईंच्या घराचा वरचा मजला ठरला.

जेवणाचे नियोजन मात्र ब्लाजेनाचे होते. आमच्या गावात तेव्हा समुद्राला जायचे ते शिदोरी बांधूनच. शेजारचे कुटुंब दहा दिवस राहून आले आणि आइस्क्रीमखेरीज तिकडे काहीही विकत घेतले नाही, हे जिन्यात सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. मग ब्लाजेना मागे राहते होय? तिने बटाट्यांचे पोते घेतले, काकडीच्या लोणच्याच्या बरण्या घेतल्या, घरी शिजवून बाटलीबंद केलेले मांस घेतले. आणि बत्तीस रीझेक तळले. रीझेक म्हणजे मांसाचे पातळ काप, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले. ओताकारांनी आठ दिवसांच्या जेवणाचा तक्ता माझ्या पाठीवर, वरच्या कोपऱ्यात, सुबक अक्षरात लिहिला. पहिली ओळ अशी होती: "पहिला दिवस, संध्याकाळ: उरलेले रीझेक. दुसऱ्या कुणाचे काही खायचे नाही."

मित्रांनो, त्या प्रवासाची आठवण आली की माझ्या घड्या आखडतात. रीझेकांचा डबा ठेवला कुठे, तर माझ्यावर! गाडी उन्हात तापली आणि तेल पाझरू लागले. ग्राझ शहर आधी पिवळे झाले, मग पारदर्शक. स्लोव्हेनियावर लोणच्याचे पाणी सांडले. रादकाने चिकट बोटे मला पुसली. ब्लाजेना बोट जिभेवर ओले करून माझी घडी उलटत होती. माशी आली, ती मारली माझ्याच घडीने, आणि राहिली माझ्यातच. बारा तास मी तो वास घेत होतो. शी! अजूनही तो माझ्या अंगातून गेलेला नाही.

संध्याकाळी होडीने बेटावर पोचलो. नेवेन्काबाईंनी अंगणात, अंजिराच्या झाडाखाली टेबल मांडले होते. निखाऱ्यावर मासे भाजले जात होते.

"बसा, बसा! आत्ताच बंदरातून आणलेत. गरम आहेत तोवर खाऊन घ्या!" त्या म्हणाल्या. त्यांची आणि आमची भाषा निम्मी जुळते. एवढे सगळ्यांना कळले.

ओताकारांनी ब्लाजेनाकडे पाहिले.

"आपले सोळा उरलेत," ती हळूच म्हणाली. "उद्यापर्यंत टिकायचे नाहीत. टाकून देऊ का ते?"

"बाबा, मला मासा हवाय," रादका म्हणाली.

"तक्त्यात नाहीये," ओताकार म्हणाले. त्यांना नाही म्हणणे जमत नसे, समजावून सांगणे तर त्याहून नाही. ते मान खाली घालून सामान घेऊन वर गेले. सज्जात बसून तिघांनी गार, ओशट रीझेक खाल्ले. खाली चार ताटे मांडलेली होती. नेवेन्काबाई एकट्याच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा टेबल मांडले. तिसऱ्या दिवशी मांडले नाही.

सात रीझेक शेवटी नासलेच. ओताकारांनी माझा वरचा कोपरा टरकन फाडला, त्यात ते गुंडाळले आणि बाईंच्या कुंपणामागे टाकून दिले. कोपरा कोणता, हे त्यांनी पाहिलेच नाही. तो तक्त्याचा होता.

महिन्याभराने तो कोपरा पत्रासह घरी आला. बाईंनी लिहिले होते: "मांजरांनी हे ओढून आणलं. अक्षर तुमचं आहे, म्हणून परत पाठवते. माझा नवरा समुद्रात बुडून गेला, त्यानंतर तुम्ही माझे पहिले पाहुणे. माझं घर घाणेरडं वाटलं का? माझ्या हातचं खायची किळस का वाटली, एवढं कळवा."

ओताकार शरमेने लालबुंद झाले. ब्लाजेनाला म्हणाले, "बाईंनी खुशाली विचारलीये. कळवतो मी." आणि पत्र माझ्या खिशात सारले.

त्यानंतर दर जानेवारीत ते मला पसरत. आपण स्वतः जाऊन सांगावे, असे त्यांना वाटे. रस्ता आखत, थांबे लिहीत, आणि मार्च आला की सगळे खोडत. खोडरबराने माझा ऑस्ट्रिया विरळ झाला. खरे सांगू? तेलाची किळस मला त्या एका प्रवासात आली. या खोडण्याची मात्र पंचवीस वर्षे येत राहिली. आणि माझी स्वतःचीही आली, कारण पत्र लपवायला जागा मीच दिली होती.

या जूनमध्ये रादका माहेरी आली. ती आता दोन मुलांची आई आहे. मुलांच्या शाळेत रद्दी गोळा करतात, म्हणून तिने मला उचलले.

"शी! बाबा, कसला वास येतोय याला? आता रस्ता फोन सांगतो. त्या तीन सीमांवर थांबवतही नाहीत म्हणे. हे कशाला ठेवलंय?"

तिने मला झटकले आणि पत्र खाली पडले. तिने ते मोठ्याने वाचले.

"ओता," ब्लाजेना आजी म्हणाल्या, "तू उत्तर दिलं होतंस ना?"

"लिहीत होतो."

"पंचवीस वर्षं? अरे, त्या बाईला वाटलं आपल्याला तिची घाण वाटली!"

"आता ती असेल की नाही कुणास ठाऊक," आजोबा पुटपुटले.

"नसली तर तिच्या घरच्यांना कळू दे," रादका म्हणाली. "बस आणि लिही, बाबा. मी इथेच उभी आहे."

आजोबांनी चार ओळी लिहिल्या आणि लगेच हात खोडरबराकडे गेला. आजींनी ते उचलून एप्रनच्या खिशात टाकले.

"पुढचं लिही."

त्यांनी लिहिले: "नेवेन्काबाई, किळस तुमची नव्हती. आमचे रीझेक नासायला आले होते आणि मी तक्त्याबाहेर जायला घाबरलो. तुमच्या माशांचा वास वर येत होता. मी उठून खाली यायला हवे होते. चूक माझी. उशीर झाला, तोही माझ्यामुळे."

मित्रांनो, नकाशावर तळलेले ठेवू नका, ही विनंती मी करणारच. पण कुणी आपल्यासाठी ताट मांडले असेल, तर आपला डबा बाजूला ठेवून दोन घास तरी खा. आणि ते चुकलेच, तर सांगायला माझ्यासारख्याच्या घडीत वर्षे घालवू नका. मी एक तेलकट कागद आहे, माझे कितपत ऐकावे हे तुम्हीच ठरवा.

पाकीट चुरगळू नये म्हणून आजोबांनी ते माझ्या घडीत ठेवले आणि मला काखेत मारून कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीपर्यंत चालत गेले. पेटीपाशी ते बराच वेळ थांबले. पत्ता दोनदा वाचला. मग पाकीट अर्धे आत घातले, डोळे मिटले आणि सोडले.