पाणकराची हाक

"दुलीचंद, तुही बारी सरली. दार लाव!"

लहानपणी हा आवाज तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या भिंतीवरून, निघायचा आणि धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत, शेवटच्या खाचरापर्यंत पोचायचा. आवाज माझ्या बाबांचा, उमराव पाणकराचा. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं, कोणाची बारी कधी संपली, ते पाणकर ठरवतो, बांध्यांमधून येणाऱ्या हाका ऐकून. यंदा बाबांनी ते काम सोडलं. का, ते सांगेनात. मी सौंदड स्टेशनावर उतरले तर ऑटोवाल्यानंही ऐकवलं, पोरगी हैदराबादेत घड्याळं बनवते, बुढा आता कायले पाळीवर चढते. संध्याकाळच्या बैठकीत गाव कारण विचारणार होतं. बाबा गप्प राहिले तर हेच खरं धरलं जाणार होतं.

मी घड्याळं बनवत नाही. त्यांच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम लिहिते, तिचाही एकच कोपरा. भाची रुचीला अंगणात तेच समजावत होते. बाबा शेजारी दोर वळत होते.

म्हटलं, घड्याळाची बॅटरी म्हणजे चैतातला तलाव. पाणी थोडं, मागणारे खूप. पडद्याला उजळायचंय, नाडी मोजायचीय, निरोप आला म्हणून थरथरायचंय. सगळ्यांनी एकदम दारं उघडली तर दुपारीच तळ दिसेल. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम पाणकर होते. एकाला बारी देते, बाकीच्यांना झोपवते.

"मंग तिले शिव्या कोन देते?" रुचीनं विचारलं. पाणकराच्या घरची पोर.

म्हटलं, शिव्या आम्हाला ईमेलनं येतात.

मग तिला प्रश्न पडला, सगळे झोपले तर हात उचलल्याचं कळतं कसं. सांगितलं, हालचाल टिपणारा एक बारका भाग जागा असतो, घोटभर पाण्यावर. तो हाक मारतो. हाक आली की ऑपरेटिंग सिस्टीम हातचं काम थांबवते आणि आधी त्याचं बघते.

"अन् हाक आयकूच नाही आली तं?"

"मग घड्याळ दिसायला चांगलं. कामाचं नाही."

बाबांचे हात थांबले. त्यांनी दोर गुंडाळून खुंटीला अडकवला, चपला घातल्या आणि मलाही बैठकीला चल म्हणाले. फाटकाशी आल्यावर, माझ्याकडे न बघता, बोलले.

"माहा आवाज अजून जाते शेवटच्या बांधीपर्यंत. तिकडची हाक आता माह्या कानापर्यंत येत नाही, नीतू."